थोरल्या रॉबिनचा जुना पोशाख

बंगळूरला सर्जापूर रोडवर माझी ताई राहते. आम्ही मूळचे सांगलीचे, पण भावजींच्या नोकरीमुळे ती तिकडे गेली त्याला आता चौदा वर्षे झाली. त्या रस्त्यावर इमारती, शाळेच्या बसगाड्या आणि कंपन्यांची फाटके एवढेच दिसते. इब्लूरच्या चौकात पोचायला कधी दहा मिनिटे लागतात, तर कधी पाऊण तास. अशा ठिकाणी मुले संध्याकाळी घरातच अडकतात. ताईच्या घरी मग कॉमिक्सचा ढीग साठला, यात नवल ते काय?

ढीग थोरल्याचा. तो जूनमध्ये इंजिनीअरिंगला गेला, होस्टेलवर राहिला. धाकटा तेरा वर्षांचा. त्याच्या वाट्याला दादाची खोली आली, दादाचे टेबल आले, सायकल आली. शाळेत बाई हजेरी घेताना थांबून म्हणतात, "अरे, तू त्याचा भाऊ ना?" परवा मी गेले होते, तर रात्री जेवताना त्याने एकदम विचारले, "मावशी, दुसऱ्या रॉबिनला वाचकांनी फोन करून मारलं, हे खरं आहे?"

ताईने डोक्याला हात लावला. "बघ, असलं काहीतरी वाचतो. बंदच करून टाकू का?"

बंद करू नको, असे मी तिला सांगितले. का, ते इथे लिहिते, कारण हा प्रश्न पुष्कळ घरांत पडत असणार.

आमच्या बाबांच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्स वाचले. 1964 साली ते सुरू झाले, 1990 मध्ये बंद पडले. बाबांनी बांधून घेतलेल्या अंकांतून वेताळ आणि मॅन्ड्रेक आमच्यापर्यंत पोचले. त्यातला लोथार कितीही बलवान असो, तो मॅन्ड्रेकचा लोथार. साथीदाराने साथीदारच राहायचे, असा तो काळ. बॅटमॅनच्या रॉबिनने मात्र हा नियम मोडला.

पहिला रॉबिन 1940 साली आला. नाव डिक ग्रेसन, सर्कशीतल्या कसरतपटूंचा मुलगा. आईवडील मारले गेले आणि बॅटमॅनने त्याला आपल्या घरी आणले. जवळजवळ तीस वर्षे तो पोरगाच होता! 1969 मध्ये तो एकदाचा कॉलेजात गेला आणि 1984 साली त्याने रॉबिन हे नाव सोडून 'नाईटविंग' हे स्वतःचे नाव घेतले.

मग रिकाम्या जागेचे काय? ती जेसन टॉडने भरली. 1983 साली तो आला तेव्हा त्याचीही कहाणी सर्कशीचीच होती, म्हणजे डिकची नक्कलच म्हणा. पुढे 1987 मध्ये लेखकांनी ती बदलली. आता जेसन रस्त्यावरचा मुलगा झाला, चक्क बॅटमॅनच्या गाडीची चाके चोरताना सापडलेला. रागीट, उद्धट, कुणाचे न ऐकणारा. वाचकांना तो रुचेना. पहिल्याची सर त्याला येईना.

आणि 1988 च्या सप्टेंबरात प्रकाशकांनी दोन फोन नंबर छापले. एक जेसन जगावा म्हणून, दुसरा मरावा म्हणून. दर फोनला पन्नास सेंट. 5271 फोन जगावा म्हणून आले, 5343 मरावा म्हणून. अवघ्या 72 फोनांनी मुलगा गेला. तेव्हा धाकट्याला मी सांगितले, हो, खरे आहे.

तो बराच वेळ भात चिवडत बसला. मग म्हणाला, "पण त्याला नीट चान्सच दिला नाही ना."

मुलाच्या मनात काय चालले आहे हे एरवी आम्हाला कसे कळले असते? शाळेबद्दल विचारले की तो "ठीक आहे" एवढेच म्हणतो.

आता कोणते पुस्तक द्यावे? ही पुस्तके इंग्रजीत वाचावी लागतात, तेव्हा शब्द अडले तर जवळ बसा. सुरुवात 'वेन फॅमिली ॲडव्हेंचर्स'ने करावी. 2021 पासून आलेली ही हलकीफुलकी मालिका आहे. डिक, जेसन आणि बाकीची मुले एका घरात वावरतात, भांडतात, एकमेकांचा खाऊ पळवतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलालाही ती चालते.

त्यानंतर 'नाईटविंग: इयर वन'. 2005 सालची ही गोष्ट मला सर्वांत आवडते. बॅटमॅन डिकला घराबाहेर काढतो, तो नवे नाव शोधतो आणि परत येतो तर आपल्या जागी जेसन उभा! दोघांची आधी चकमक आणि मग सलगी, हे पाहण्यासारखे आहे. याच भेटीची जुनी आवृत्ती 1988 मधल्या 'बॅटमॅन'च्या 416 व्या अंकात आहे. तिथे डिक आधी बॅटमॅनला जाब विचारतो, मग जेसनला आपला जुना पोशाख देतो आणि अडचण आली तर फोन कर म्हणून नंबरही देतो. सुटा अंक हाती लागला तर सोडू नका.

डिक मोठेपणी कसा झाला हे पाहायचे, तर टॉम टेलर आणि ब्रूनो रेडोंडो यांचे 2021 पासूनचे 'नाईटविंग' घ्या. तीन पायांचे एक कुत्र्याचे पिल्लू त्यात आहे, मुले त्यावर खूश होतात. 87 व्या अंकाची पाने एकापुढे एक लावली की सबंध अंकाचे एकच लांबलचक चित्र होते. आम्ही ते जमिनीवर मांडायला गेलो तर दिवाणखाना पुरेना.

'द जूडास कॉन्ट्रॅक्ट'मध्ये डिक नाईटविंग होतो खरा, पण त्यातले काही प्रसंग मोठ्यांसाठीचे आहेत. जेसनच्या मृत्यूची 'अ डेथ इन द फॅमिली' पंधराव्या वर्षाच्या आत देऊ नये. मारहाण फार क्रूर आहे. जेसन परत येतो ती जड विनिकची 'अंडर द हूड' तर त्याहून रक्ताळलेली. त्यात जेसन बॅटमॅनला विचारतो, मला मारणारा अजून जिवंत कसा? या प्रश्नाला बापाजवळ उत्तर नसते. मी स्वतः ते पान दोनदा वाचले.

आणखी एक गंमत. जेसन वाचला असता तर म्हणून काढून ठेवलेली पाने प्रकाशकांनी 2023 साली 'रॉबिन लिव्ह्ज' या नावाने छापली. हे ऐकल्यावर धाकट्याने त्याच रात्री दादाला फोन लावला. पाऊण तास बोलत होते. एरवी दोघे दोन मिनिटांवर जात नाहीत.

शनिवारी आम्ही चर्च स्ट्रीटवरच्या ब्लॉसममध्ये जाऊन 'इयर वन' शोधायचे ठरवले आहे. 'अंडर द हूड' ताईने माझ्या सल्ल्याने कपाटावर ठेवून दिले आहे. धाकटा यंदा तीन इंचांनी वाढला, त्याचा हात कपाटावर सहज पोचतो, हे तिच्या अजून लक्षात आलेले नाही.