टाकून ठेवायला काय जातंय?

घरात नवा लॅपटॉप आला की तो सुरू करून द्यायला एखादा भाचा हजर असतोच. अर्ध्या तासात तो ब्राउझरमध्ये डझनभर एक्स्टेन्शन्स भरून देतो. एक जाहिराती अडवतं, दुसरं कूपन शोधतं, तिसरं स्क्रीनशॉट काढतं, चौथं मराठी टाइप करून देतं. एवढी कशाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "फुकट आहेत मामा, टाकून ठेवायला काय जातंय? नको वाटलं तर काढून टाका."

युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. खिशातून पैसा जात नाही, जागा जेमतेम लागते आणि काढून टाकणं दोन क्लिकचं काम. पण एक्स्टेन्शन टाकताना जी छोटी चौकट समोर येते, ती कितीजण वाचतात? पुष्कळदा तिथे सरळ लिहिलेलं असतं की याला सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचता आणि बदलता येईल. त्या 'सर्व'मध्ये बँकेचं पान आलं, ईमेल आला, पॅथॉलॉजीचा रिपोर्टही आला. उद्या एक्स्टेन्शन काढून टाकाल, पण काल त्याने जे वाचून नेलं ते परत कसं आणाल?

मग दुसरा बचाव पुढे येतो. स्टोअरवाले तपासूनच ठेवतात, लाखो लोक वापरतात, तारेही भरपूर आहेत, मग भ्यायचं कशाला? या तिन्ही गोष्टी 'द ग्रेट सस्पेंडर'कडे होत्या. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं हे क्रोमचं एक्स्टेन्शन वीस लाखांवर लोक वापरत होते. त्याचा सोर्स कोडही खुला होता. २०२०च्या जूनमध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्याच्या हवाली केलं. नव्या मालकाची ओळख कोणालाच नव्हती. पुढे स्टोअरमधून जी आवृत्ती आपोआप लोकांच्या संगणकात उतरली, तिच्यात बाहेरून कोड आणून चालवण्याची सोय होती आणि खुल्या कोडमध्ये तिचा मागमूस नव्हता. २०२१च्या फेब्रुवारीत गुगलने ते मालवेअर ठरवून बंद केलं. ओळखीच्या दूधवाल्याकडे दाराची किल्ली द्यावी, त्याने रतीब दुसऱ्याला विकावा आणि किल्लीही सोबत द्यावी, तशातला हा प्रकार. तारे दिले होते ते जुन्या दूधवाल्याला.

इथे काही शहाणे लगेच दुसरं टोक गाठतात. म्हणतात, फुकट ते सगळं घातक. पैसे मोजा आणि निर्धास्त व्हा. हेही पटण्याजोगं नाही. जाहिराती अडवणारं 'यूब्लॉक ओरिजिन' फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे आणि त्याचे निर्माते रेमंड हिल देणगीसुद्धा घेत नाहीत. उलट 'अव्हास्ट' ही पैसे घेऊन अँटिव्हायरस विकणारी नामांकित कंपनी. तिच्या एक्स्टेन्शन्समधून आणि सॉफ्टवेअरमधून गोळा झालेला लोकांच्या ब्राउझिंगचा तपशील विकला गेला, असा ठपका ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ साली तिच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करण्याचं ठरवलं. पाळत ठेवणाऱ्यांपासून वाचवू, असं सांगूनच ती एक्स्टेन्शन्स लोकांच्या गळ्यात मारली होती. तेव्हा फुकट की विकत, हा निकषच कुचकामी आहे. खरे प्रश्न दोन: आज हे कोणाच्या हातात आहे आणि याला माझं काय काय दिसतं?

हे प्रश्न लावून पाहिले की डझनाची यादी झरझर आटते. पीडीएफ ब्राउझर स्वतःच उघडतो. फायरफॉक्स आणि एजमध्ये स्क्रीनशॉटची सोय मुळातच आहे. टॅब झोपवण्याचं काम आता क्रोम आणि एज स्वतः करतात. मराठी टायपिंगसाठी विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी फोनेटिक कळफलक आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो फक्त जोडावा लागतो. रोमन अक्षरांत 'नमस्कार' टाइप केलं की देवनागरीत उमटतं. आपला प्रत्येक शब्द तिऱ्हाइताला दाखवण्याचं मग कारणच उरत नाही.

उरतात दोन-तीन. जाहिराती अडवणारं एक हवंच, कारण फसव्या 'डाउनलोड' बटणांपासून ते वाचवतं. मात्र क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथे चालेनासं झालं आणि त्याची 'लाइट' आवृत्ती घ्यावी लागते. पूर्ण ताकदीचं हवं असेल तर फायरफॉक्स बरा. पासवर्ड सांभाळायला 'बिटवॉर्डन'सारखं खुल्या कोडचं एखादं घ्यावं. बाकी जे घ्याल, त्याला क्रोमच्या सेटिंगमध्ये 'क्लिक केल्यावरच' एवढीच मुभा द्यावी. कूपन शोधणाऱ्याला बँकेच्या पानावर काय काम?

एवढी चिकित्सा सामान्य माणसाने करायची कशी, हा शेवटचा आक्षेप, आणि तो रास्त आहे. डझनभर एक्स्टेन्शन्सचे मालक कधी बदलले यावर लक्ष ठेवणं कोणालाच जमणार नाही. दोन-तिनांवर ठेवणं मात्र ज्याला विजेचं बिल तपासता येतं त्याला नक्की जमेल. कमी ठेवायची ती याचसाठी.