‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ची तबकडी

सत्तरच्या दशकात मुंबईत सायकेडेलिक रॉक वाजवणाऱ्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ची ‘ऑब्सेशन 77’ ही एकच तबकडी. विस्मृतीत गेलेली ती या शतकात पुन्हा बाजारात आणली कॅलिफोर्नियाच्या ‘नाऊ-अगेन’ कंपनीने. हे काम खरे तर आपले होते. सिगारेट कंपनीच्या पैशावर झालेल्या ‘सिमला बीट’ या रॉक बँडच्या स्पर्धेच्या 1970 आणि 1971च्या तबकड्याही किती जणांना आठवतात? हे संगीत म्हणजे इंग्रजी नक्कल, मूठभर शहरी मुलांची हौस; पिंपरीजवळच्या दापोडीच्या कामगाराला तिचे काय, असा आक्षेप येईल. हौस मूठभरांचीच होती, हे मान्य. पण संगीत नाटकातली पायपेटीही परदेशीच होती. उसने वाद्य इथल्या हातांत निराळे बोलू लागते, आणि न ऐकताच नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे. पुणे-पिंपरीच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी भंगारात निघणाऱ्या तबकड्या स्वीकाराव्यात, आणि त्या काळच्या वादकांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच ध्वनिमुद्रित कराव्यात.