अण्णांची हेरल्ड, खारा वारा आणि दुरुस्ती न कळणारा नियम

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हा आपल्यापैकी निम्म्या लोकांनी काळ्यापिवळ्या टॅक्सीचे फोटो टाकले होते. मीही टाकला होता. आठवड्याभरात सगळे विसरले. मीही विसरलो असतो. पण त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आमचे अण्णा गेले आणि मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली त्यांची गाडी माझ्या गळ्यात पडली.

गळ्यात पडली, असंच म्हणतो. तेव्हा तसंच वाटलं होतं.

गाडी म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड. १९६६ ची, दोन दरवाजांची. अण्णा तिला "स्पोर्ट कार" म्हणायचे, आई "डबा". खरं तर दोघंही बरोबर होते. इंग्लंडच्या ट्रायम्फ हेरल्डची ही मद्रासला बनलेली बहीण. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने १९६१ पासून ती भारतात आणली. इंजिन फक्त ९४८ सीसीचं. पण डिझाइन जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं, आणि ट्रायम्फची प्रसिद्ध स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार याच हेरल्डची चेसिस आखूड करून १९६२ मध्ये काढली होती. त्यामुळे अण्णांचा दावा अगदीच हवेतला नव्हता. १९७८ साली त्यांनी ती मुंबईतल्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली आणि वडखळमार्गे रेवदंड्याला आणली. गाडी जागच्या जागी वळायची, त्यामुळे नारळ-पोफळीच्या वाड्यांमधल्या अरुंद बोळात ती एका दमात फिरवून अण्णा पोरांच्या टाळ्या घ्यायचे.

ही गाडी पुन्हा उभी करायचं मी ठरवलं. दोन वर्षं झाली. त्या दोन वर्षांत जे कळलं ते सार्वजनिक हिताचं आहे असं वाटतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

पहिली गोष्ट गंजाची. देशावरच्या मित्रांना हे कळत नाही. त्यांची जुनी गाडी वीस वर्षं शेडमध्ये उभी राहिली तर धूळ बसते. आमची उभी राहिली तर विरघळते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातलं मीठ पत्र्यावर बसतं, ते हवेतला ओलावा ओढून धरतं, आणि पाऊस नसतानाही पत्रा ओलाच राहतो. त्यात आपले चार महिने धो धो. वरून रंग ठीक दिसतो, एखादा फुगवटा दिसतो, बस. फुगवट्यावर बोट दाबलं की बोट आत.

आमच्या मेस्त्रींनी पहिल्या दिवशी गाडीखाली झोपून चेसिसच्या बाजूच्या आडव्या पट्ट्यांवर पान्याने टकटक केलं. दोन ठिकाणी खणखणीत आवाज आला, चार ठिकाणी भदभद. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर लावला आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

"भाऊ, हे राहिलेलं नाही. कापून नवीन पट्टी टाकायला लागेल."

"मेस्त्री, सगळं कापायचं?"

"मेलेलं तेवढं कापायचं. जिवंत आहे त्याला कशाला हात लावू?"

या एका वाक्यात रिस्टोरेशनचं सगळं शास्त्र आहे, आणि आपला नियम नेमका इथेच अडखळतो. कसा, ते सांगतो.

हेरल्ड ही दुरुस्तीसाठीच जन्मलेली गाडी आहे. तिच्या काळात इतर कंपन्या चेसिस आणि बॉडी एकसंध करत होत्या. ट्रायम्फवाल्यांना तशी अख्खी बॉडी करून देणारा कारखाना मिळाला नाही, म्हणून त्यांनी वेगळी चेसिस ठेवली आणि वर तुकड्या-तुकड्यांची बॉडी बोल्टने बसवली. बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उघडतं. पुढच्या चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. मेस्त्री तर खूश झाले. म्हणाले, ज्याने ही गाडी बनवली त्याला फिटरची दया होती.

मग पत्रा कापला, नवीन पट्ट्या त्याच मापाच्या, त्याच जाडीच्या वाकवून वेल्डिंग केलं, रेड ऑक्साइड मारलं. पुट्टी भरून गंज झाकायचा स्वस्त मार्ग होता, तो मेस्त्रींनी घेऊ दिला नाही. इंजिन उघडलं, कार्बोरेटर साफ केला. रबरी भाग इंग्लंडहून मागवले, कारण तिकडे या गाड्यांचे क्लब आहेत आणि असे भाग आजही नवीन बनतात. आतापर्यंत अडीच लाखांच्या वर गेले. एका संध्याकाळी गाडी सुरू झाली. आई ओट्यावर आली, पाच मिनिटं उभी राहिली, काही न बोलता आत गेली.

गाडी सुरू झाली, पण अजून अंगणाबाहेर गेलेली नाही. कारण कागद.

आता नियमाकडे येतो. १६ जुलै २०२१ ला केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने व्हिंटेज वाहनांचे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज ठरते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, पुढे दर वेळी ५,०००. नवीन नंबर घ्यायचा तर त्यात "व्हीए" अक्षरं येतात, आधीच नोंद असलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. हे सगळं चांगलं आहे. याआधी या गाड्यांसाठी देशभर एकसारखा नियमच नव्हता. श्रेय द्यायला हवं.

पण दोन अटी आहेत. एक, गाडी मूळ स्वरूपात हवी आणि तिच्यात मोठी फेरफार झालेली नको. चेसिस, बॉडी किंवा इंजिनातले बदल त्यात धरले आहेत. दोन, गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल यासाठीच. नेहमीच्या वापराला बंदी, धंद्याला बंदी.

पहिली अट वाचून मी मेस्त्रींकडे बघितलं. आपण चेसिसला ज्या चार पट्ट्या टाकल्या त्या "दुरुस्ती" की "बदल"? मेस्त्री हसले. म्हणाले, पट्टी नसती टाकली तर गाडी मूळ स्वरूपात खाली बसली असती.

माझा मुद्दा एवढाच आहे. हा नियम लिहिताना डोळ्यासमोर संस्थानिकांच्या कोरड्या गॅरेजमधल्या गाड्या असाव्यात, ज्यांना दर दिवाळीला पॉलिश लागतं. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही खाडीकाठच्या घरातली पन्नास वर्षांची गाडी चेसिसला वेल्डिंग न करता उभी राहूच शकत नाही. इथे न दुरुस्त केलेली जुनी गाडी म्हणजे भंगार, आणि दुरुस्त केलेली जुनी गाडी म्हणजे संशयित.

इंग्लंडात हाच प्रश्न आला होता. तिकडे ४० वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, गाडीत मोठा बदल झालेला नसेल तर. पण त्यांच्या मार्गदर्शक सूचनांत सरळ लिहिलंय, की मूळ नमुन्याचीच चेसिस बदलून टाकली तर तो मोठा बदल धरायचा नाही. आमच्या चार पट्ट्यांचं सोडा, तिकडे अख्खी चेसिस नवी चालते, नमुना तोच हवा. मूळपणा लोखंडाच्या अणूत नसतो, घडणीत असतो. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करताना कुजलेला वासा बदलतो, म्हणून देऊळ नवीन झालं असं कोणी म्हणत नाही.

दुसरी अट तर मला मनापासून पटत नाही. गाडी हे यंत्र आहे. उभी ठेवली की सील सुकतात, ब्रेक चिकटतात, टाकीत गंज धरतो. महिन्यातून दोनदा चौलपर्यंत जाऊन आलेली गाडी रॅलीची वाट बघत वर्षभर उभ्या असलेल्या गाडीपेक्षा जास्त सुरक्षित असते. आणि अण्णांनी ती रॅलीसाठी घेतलीच नव्हती. ते तिच्यातून सुपारी घेऊन अलिबागला जायचे.

म्हणून मी व्हिंटेजचा दरवाजा सोडून साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाला गेलो. तिथे एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या कारची फी ६०० वरून ५,००० झाली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० झाली. तेही भरतो म्हटलं. पण चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट हवा, आणि आमचा नंबर खाऱ्या हवेने अर्धा खाल्लेला. आपल्या मनाने तो पुन्हा ठोकला तर चोरीच्या गाडीचा संशय येतो, म्हणून तसं करायचं नाही. खिडकीवरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "साहेब, वरून विचारून सांगतो." वरून अजून कोणी सांगितलेलं नाही. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या टेबलावर या प्रश्नाचं उत्तर असलेला कागदच नाही.

माझी चूकही सांगतो. मालक वारला तर वारसाने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करायची, असा नियम आहे. मी दुःखात आणि आळसात ते केलं नाही. निम्मी अडचण त्यातून आली.

आता कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे छंद. इथे रस्त्याला खड्डे आहेत आणि याला गाडीचं पडलंय. हरकत बरोबर आहे, पण अर्धी. ज्याच्याकडे दहा व्हिंटेज गाड्या आहेत त्याच्याकडे वकील आहे, एजंट आहे. नियमाची संदिग्धता नडते ती एका गाडीच्या माणसाला. वडिलांची पद्मिनी, काकांची जीप, आजोबांची राजदूत ठेवू बघणाऱ्याला.

दुसरी हरकत प्रदूषणाची, आणि ती गंभीर आहे. हेरल्डला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. किलोमीटरमागे ती नव्या गाडीपेक्षा जास्त घाण सोडते, हे मी नाकारत नाही. तिला सीटबेल्टही नव्हते, आम्ही बसवले. म्हणून मी म्हणतो, किती चालवायची यावर मर्यादा घाला. पीयूसी सक्तीचं ठेवा, ब्रेक दरवर्षी तपासा. पण वर्षाला हजार किलोमीटर चालणारी गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धूर ओकणारा जुना टेम्पो एकाच तराजूत तोलू नका. आणि सुरू असलेली गाडी मोडून नवी बनवायलाही लोखंड, कोळसा, वीज लागतेच.

मागण्या फार नाहीत. चार आहेत.

एक. गंजलेला भाग त्याच मापाने, त्याच नमुन्याने बदलला तर तो "बदल" नाही, दुरुस्ती आहे, असं नियमात स्पष्ट लिहा.

दोन. कशासाठी चालवली हे विचारण्याऐवजी किती चालवली ते मोजा. वर्षाची किलोमीटरची मर्यादा ठरवा.

तीन. वीस आणि पन्नास यांच्या मधली पायरी करा. जर्मनीत ३० वर्षं झालेल्या, मूळ अवस्थेत जपलेल्या गाडीला "एच" अक्षराची वेगळी पाटी मिळते आणि ती रस्त्यावर नेहमीसारखी चालवता येते. आपल्याकडे १९९८ ची सॅन स्टॉर्म, भारतात बनलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार, व्हिंटेज व्हायला २०४८ उजाडणार. तोवर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि मोठी फी. तितकी वर्षं किती जण थांबतील?

चार. चेसिस नंबर गंजला तर काय करायचं याची एक पानी पद्धत प्रत्येक कार्यालयात लावा. जुनं आरसी बुक, विम्याचे कागद, तज्ज्ञाची तपासणी, काय लागेल ते लिहा. आम्ही आणू.

व्हिंटेज नियमांचा मसुदा २०२० च्या अखेरीस हरकती-सूचनांसाठी खुला होता. कोकणातून मीठ आणि गंजाबद्दल कोणी लिहिलं होतं का? मी तरी नव्हतं लिहिलं. तेव्हा अण्णा होते, गाडी पडवीत होती, मला वाटलं आपला काय संबंध. पुढच्या वेळी नियम बदलायला निघतील तेव्हा आपण झोपलेले नसावं, म्हणून हे आत्ता लिहून ठेवतोय. खासदारांनाही हेच पत्र पाठवलंय.

आणखी एक, जे नियमाने होणार नाही. आमचे मेस्त्री अडुसष्ट वर्षांचे आहेत. हातोडी आणि ठोकळ्यावर पत्रा गोलाईत आणणारे हात आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यांचा मुलगा मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये आहे. तिथे दरवाजा चेपला की दरवाजा बदलतात. तो बापाला म्हणतो, तुमचं काम आता कोणाला लागतं? अशी गाडी रस्त्यावर आणणं सोपं झालं तर लागेल. आपल्या जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये अशा दोन मेस्त्रींना आठवड्यातून दोन दिवस शिकवायला बोलावलं तर चार पोरांच्या हाताला नवीन काम मिळेल, आणि ते काम शोरूम हिसकावून घेऊ शकणार नाही.

तोपर्यंत रविवारी सकाळी मी हेरल्ड सुरू करतो, अंगणात पाच फूट पुढे, पाच फूट मागे घेतो. आई आतून ओरडते, "डबा तापला असेल, बंद कर आता."

वाचणाऱ्यांना एकच विनंती. घरात वडिलांच्या नावावर गाडी असेल, चालू असो वा बंद, तर त्यांच्याकडून नॉमिनीचं नाव आजच लावून घ्या. २०२१ पासून आरसीवर तशी सोय आहे. आणि फुगवट्यावर एकदा बोट दाबून बघा.