रात्रीत खचलेली बस

परभणीहून जिंतूरजवळच्या नेमगिरीला दर्शनासाठी ठरविलेली एअर सस्पेन्शनची बस पहाटे मागून डावीकडे खचलेली दिसली. इंजिन सुरू होताच ती उठली आणि मंडळी निश्चिंत झाली. मला ते पटेना. रात्रीत खचणे म्हणजे हवा कोठेतरी निसटणे. आणि ब्रेकची हवाही त्याच कॉम्प्रेसरची! मिस्त्रीने प्रथम चासीला भक्कम आधार दिला, कारण केवळ हवेवर तोललेल्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतते. मग नळीचे जोड, उंची राखणारा व्हॉल्व्ह व रबरी फुगा यांवर साबणाचे पाणी सोडले. बुडबुडे फुग्याच्या घडीत उठले. भेगाळलेला फुगा बदलावाच लागतो, ठिगळ चालत नाही. दुसरी बस मागविली. दोन तास उशीर झाला. सूर्यास्तापूर्वीचे भोजन मात्र जिंतुरातच झाले.