नेता नसलेले विरोधी बाक

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला आणि सहा महिन्यांच्या आत महाराष्ट्राचं राजकारण दुसऱ्यांदा उलटंपालटं झालं. लोकसभेला ४८ पैकी ३० जागा जिंकलेली महाविकास आघाडी २८८ च्या सभागृहात ४६ वर आली. महायुती २३० वर गेली. या निकालाचं विश्लेषण भरपूर झालं. मला बोलायचंय ते निकालानंतर दोन्ही बाजू कशा वागल्या त्याबद्दल.

हरलेल्यांनी आधी मतदान यंत्रांवर बोट ठेवलं. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने तर गावापुरतं मतदान पुन्हा मतपत्रिकेवर घ्यायचं ठरवलं. हे गाव ज्या मतदारसंघात येतं ती माळशिरसची जागा शरद पवारांच्या पक्षाचे उत्तम जानकर जिंकले होते, पण आपल्या गावातून त्यांना कमी मतं कशी पडली, हे गावकऱ्यांना उमगत नव्हतं. ३ डिसेंबरला तयारी झाली, जमावबंदी लागली, पोलिसांचा फौजफाटा आला आणि मतदान न होताच बेत गुंडाळावा लागला. अशा मतदानाला कायद्याचा आधार नव्हता, हे खरं. तरीही शंका घेणाऱ्या माणसांपुढे बंदोबस्त उभा करणं हे उत्तर नव्हे. त्यांना आकडे घेऊन समजावायला कुणीतरी जायला हवं होतं. चार दिवसांनी आघाडीच्या बहुतेक आमदारांनी शपथ घेणं टाळलं आणि दुसऱ्या दिवशी घेतली. त्या एका दिवसाने काय साधलं, हे मला आजही कळलेलं नाही. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाची जागा सभागृहात आहे.

जिंकलेल्यांचं वागणं मला जास्त सलतं. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) हा २० आमदारांचा सर्वांत मोठा विरोधी पक्ष. मार्च २०२५ मध्ये त्यांनी विरोधी पक्षनेतेपदासाठी भास्कर जाधवांचं नाव दिलं. वर्ष उलटलं, निर्णय नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये विधान परिषदेतले विरोधी पक्षनेते अंबादास दानवेंची मुदत संपली आणि तिथलं पदही रिकामं झालं.

दहा टक्के आमदार, म्हणजे २९, हवेत असं सांगितलं जातं. हा संकेत आहे आणि महाराष्ट्रानेच तो बाजूला ठेवलेला आहे. १९६२ ला काँग्रेसकडे २६४ पैकी २१५ जागा होत्या, शेकापकडे १५. तरी कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. २०१५ ला दिल्लीत ७० पैकी ६७ जागा जिंकलेल्या आम आदमी पक्षाच्या काळात तीन आमदारांच्या भाजपला हे पद मिळालं. ते सांभाळणारे विजेंद्र गुप्ता २०२५ च्या सत्तांतरानंतर त्याच विधानसभेचे अध्यक्ष झाले. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १५ ने तर पेचावर उपायही लिहून ठेवलाय: माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीसाठी मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल, तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेताच विरोधी पक्षनेता मानायचा.

पदाला मंत्रिपदाचा दर्जा, बंगला, गाडी मिळते म्हणून कुणी ते मागत असेल तर मागू दे. माझ्या डोळ्यांपुढे येतो तो हिवाळी अधिवेशनातला नागपूरचा रस्ता. यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा वाटेत अडवला जातो. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, कापसाच्या भावासाठी आलेले शेतकरी उन्हात बसून राहतात. शिष्टमंडळ मंत्र्यांकडे गेलं तर जातं, नाहीतर निवेदन अधिकाऱ्याच्या हातात पडतं. अशा वेळी विरोधी पक्षनेता मोर्चाला सामोरा आला, तर तोच कागद दुसऱ्या दिवशी सभागृहात निघू शकतो. तो बोलायला उभा राहिला की अध्यक्ष त्याला वेळ देतात आणि सरकारला उत्तराला उभं राहावं लागतं. सुटा आमदार हेच बोलायला गेला की वेळेची घंटा वाजते.

२३० आमदार पाठीशी असलेल्या सरकारला एका खुर्चीची भीती वाटायचं काहीच कारण नाही. ४६ जणांना मतं देणारे लाखो लोक याच राज्यात कर भरतात, याच राज्याच्या रस्त्यांवरून जातात. विरोधकांनीही तिन्ही पक्षांत पदासाठी ओढाताण न करता एकाच नावामागे उभं राहावं, दर सोमवारी ते नाव सभागृहात मागावं, पायऱ्यांवर घोषणा देऊन थांबू नये. आणि अध्यक्षांनी होकार असो वा नकार, कारणांसह लेखी द्यावा.