देहाच्या शिलकेविषयी

स्मरणिकेच्या पानांतून आम्ही दरवर्षी भुसार बाजाराविषयी चार शब्द लिहीत आलो आहोत. तुरीचे भाव, सोयाबीनने मूग-उडदाची केलेली पीछेहाट, तोलाई-हमालीचे तंटे, सीमेवरच्या व्यापाऱ्यास दोन राज्यांच्या दोन नियमांचा होणारा जाच, हे आमचे ठरलेले विषय. यंदा संपादक मंडळाकडून आम्ही निराळा विषय मागून घेतला. गेल्या वर्षी आम्ही मरणोत्तर नेत्रदानाचा व अवयवदानाचा अर्ज भरून दिला. ठाणाकुशनूरसारख्या गावी अशी वार्ता षट्कर्णी होण्यास वेळ लागत नाही. कोणी पाठ थोपटली, कोणी नाक मुरडले, आणि एका वयोवृद्ध आप्तांनी तर ‘घरी कोणाशी काही बिनसले आहे काय?’ अशी काळजीने चौकशी केली. प्रत्येकास गादीवर बसवून, चहा पाजून, तेच तेच सांगत राहण्यापेक्षा आमची कारणे एकदा लिहून काढावी, हे आम्हांस अधिक सोयीचे वाटले.

पहिले कारण खळ्यावरून आले आहे. आपण धान्याचे व्यापारी पोते पाहतो, दाणा पाहतो, ओलावा आणि कडता पाहतो. तो दाणा रास होऊन येईपर्यंत किती डोळे गमावले जातात, याचा हिशेब आपल्या चोपडीत कोठेही नसतो. तुराटीचा फटका, ज्वारीच्या ताटाचे धारदार पान, गव्हाचे कुसळ, मळणीयंत्रातून उडालेला भुसा, यांपैकी काहीही डोळ्यास लागले की प्रथम वाटते, किरकोळ आहे. मग कोणी एरंडेल सोडतो, कोणी पाल्याचा रस पिळतो. चार दिवसांत जखम चिघळते, बुरशी धरते, आणि ती भरून आली तरी बुबुळावरचा पारदर्शक पडदा पांढरा होऊन जातो. यालाच आपल्याकडे डोळ्यात फूल पडले म्हणतात. किती सुंदर शब्द, आणि किती भयंकर वस्तू!

आमच्या दुकानी पंचवीस वर्षे पोती वाहिलेल्या एका हमालाचा एक डोळा बालपणीच तुराटीने गेला होता. पन्नाशीत, रास चालू असता, दुसराही गेला. आम्ही त्यास नेत्रतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा ते म्हणाले की आतला डोळा शाबूत आहे, वरचे पटल तेवढे बदलावे लागेल, आणि ते मृत मनुष्याच्या डोळ्यातूनच मिळते. त्याने वर्षाहून अधिक काळ वाट पाहिली. ‘मालक, उजेड कळतो, माणूस कळत नाही,’ असे तो दुकानाच्या पायरीवर बसून म्हणत असे. त्या वर्षात आपल्याच समाजात व आपल्याच गावात ज्या मयती झाल्या, त्या आम्ही एके रात्री सहज मोजल्या. बहुतेकांचे डोळे उत्तम स्थितीत होते, आणि ते सर्व अग्नीच्या स्वाधीन झाले. एका गल्लीत गिऱ्हाईक वाट पाहत बसले असता शेजारच्या गल्लीत माल जाळून टाकावा, असा व्यवहार कोणत्या मोंढ्यात चालेल? पुढे त्या हमालाचा क्रमांक लागला, आणि आज तो एका डोळ्याने मनुष्य ओळखतो. ते पटल कोणाचे, हे त्यास ठाऊक नाही. आमच्या पोत्याखाली ज्याची पाठ वाकली, त्याचा उजेड कोणा अनोळखी घराने परत आणून दिला, ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली आहे.

ही शस्त्रक्रिया काही कालपरवाची नव्हे. 1905 च्या डिसेंबरात मध्य युरोपातील ओलोमोउत्स या गावी एडुआर्ड झिर्म नामक डॉक्टरांनी पटल बदलण्याचा पहिला यशस्वी प्रयोग केला. रोगी होता एक शेतमजूर, चुन्याने त्याचे डोळे जळाले होते. सव्वाशे वर्षे होत आली. शेतमजुराचे दुःख तेव्हा जे होते तेच आज आहे, आणि त्याचा उपायही तोच आहे. संपूर्ण डोळा बसवून आजही दृष्टी देता येत नाही, समोरचे पटल तेवढे बसवतात, म्हणून एका मृताकडून दोघांना दृष्टी मिळू शकते. चष्मा असो, मोतीबिंदू काढलेला असो, मधुमेह असो, डोळे बहुधा चालतात. वयाची अट नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत ते काढून घ्यावे लागतात आणि कामास पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

दुसरे कारण घरचे आहे. आमच्या थोरल्या बंधूंचे, अण्णांचे, दोन्ही मूत्रपिंड निकामी झाले. आठवड्यातून दोन दिवस पहाटे निघावे, चार-चार तास यंत्रास जोडून घ्यावे, आणि रात्री निथळलेल्या फडक्याप्रमाणे घरी परतावे, असा त्यांचा क्रम चार वर्षे चालला. आमचे एक मूत्रपिंड देण्यास आम्ही तयार होतो. परंतु आम्हांस मधुमेह, म्हणून डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत आम्हांस बाजूला केले. वहिनींची प्रकृती त्या योग्यतेची नव्हती. मग धाकट्या बहिणीने पदर खोचला. तेव्हा अण्णा म्हणाले, ‘आक्के, तुझ्या पोटावर सुरी चालवून मला चार वर्षे अधिक जगायचे नाही.’ ती रडली, भांडली, दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही, पण ते बधले नाहीत. मृत दात्याकडून मूत्रपिंड मिळावे म्हणून त्यांचे नाव प्रतीक्षायादीत घातले होते. त्या यादीतच ते गेले.

येथे एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आणि घेणाऱ्यांत पुरुषांची फार मोठी, हे सर्वविदित आहे. पतीस पत्नी देते, मुलास आई देते, भावास बहीण देते. उलट दिशेचा व्यवहार क्वचित. मिळवता पुरुष आजारी पडू नये हे कारण पुढे केले जाते, आणि जमाखर्चाच्या भाषेत ते खोटेही नसेल. परंतु आपल्या घरातील स्त्रियांच्या खात्यावर आपण किती नावे टाकावीत, याला काही सीमा आहे की नाही? मृत दात्यांची संख्या वाढेल, तसा या माउल्यांवरचा भार उतरेल. आम्हांस तर हे एकच कारण पुरेसे वाटले असते.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे, आणि ते सर्वांच्या स्मरणात असेल. लातूरजवळच्या बाभळगावचे विलासराव देशमुख सरपंचपदापासून मुख्यमंत्रिपदापर्यंत चढले आणि पुढे केंद्रात मंत्री झाले. 2012 मध्ये त्यांचे यकृत व मूत्रपिंड निकामी झाले, म्हणून त्यांस मुंबईहून चेन्नईस हलवण्यात आले. सत्ता, संपत्ती, उत्तमोत्तम डॉक्टर, विमान, सर्व काही हात जोडून उभे होते. मेंदूमृत झालेला एक दाता दृष्टिपथात आलाही होता, परंतु अवयव काढण्यापूर्वीच त्याचे हृदय थांबले. 14 ऑगस्ट 2012 रोजी विलासराव गेले. त्या दिवशी उदगीर-लातूरचे मोंढे बंद होते, आणि आमच्या दुकानात बसलेल्या एका शेतकऱ्याने विचारले, ‘एवढ्या मोठ्या माणसाला मिळाले नाही, तर आम्हाला काय मिळणार?’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. आवकच नसेल, तर भाव देऊन तरी काय मिळणार?

यावर कोणी व्यापारीबुद्धीने म्हणेल, की मग याला भाव द्यावा, आवक आपोआप वाढेल. जन्मभर खरेदी-विक्री केलेले आम्ही याला साफ विरोध करतो. विकले जाणारे मूत्रपिंड नेहमी कर्जबाजारी मनुष्याच्याच कुशीतून निघते. हा बाजार आपल्या देशात राजरोस चालला होता, म्हणून तर 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा करावा लागला. 2011 च्या दुरुस्तीनंतर अशा व्यवहारास पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. काही वस्तू तराजूत घालण्याजोग्या नसतात, हे तराजूवाल्यांनीच सांगितलेले बरे.

याच कायद्याने मेंदूच्या मृत्यूस मृत्यू म्हणून मान्यता दिली. तत्पूर्वी 1968 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बदलण्याचे धाडस केले होते. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी केलेल्या पहिल्या शस्त्रक्रियेस तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. सेन यांचा रोगी काही तासांतच दगावला. देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण 3 ऑगस्ट 1994 रोजी दिल्लीस झाले, आणि आता तोच दिवस अवयवदान दिन म्हणून पाळला जातो.

आता समाजबांधवांच्या शंकांकडे वळू. ‘डॉक्टर जिवंत मनुष्यासच मृत ठरवतील,’ ही सर्वांत मोठी भीती. मेंदूमृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने ठरवायचा असतो, किमान सहा तासांच्या अंतराने दोन वेळा तपासून. अवयव बसवणाऱ्या डॉक्टरांस त्या मंडळात स्थान नसते. एवढी पडताळणी तर आपण हुंडी स्वीकारतानाही करत नाही. ‘देह विद्रूप होईल,’ ही दुसरी भीती. तो नीट शिवून परत देतात. डोळे काढल्यावर पापण्या मिटलेल्याच राहतात. कानडी चित्रपटाचे सम्राट डॉ. राजकुमार यांचे डोळे 2006 मध्ये दान झाले, त्यांचे चिरंजीव पुनीत यांचे 2021 मध्ये. पुनीत यांचे अंत्यदर्शन लाखोंनी घेतले, कोणास काही उणे दिसले नाही.

धर्माची शंका अधिक गंभीर आहे, ती हसण्यावारी नेता येत नाही. मृत कलेवरात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते, म्हणून दहनास विलंब करू नये, ही आपली परंपरा. नेत्रदानास लागणारा वेळ पाहता, तेवढा वेळ तर तिरडी बांधण्यात आणि लेकी-जावयांची वाट पाहण्यात जातोच. मेंदूमृत मनुष्याच्या बाबतीत अधिक तास लागतात, हे आम्ही मान्य करतो. त्यागीजनांतही याविषयी एकवाक्यता नाही. आमच्यापुरता निर्णय आम्ही मेघरथ राजाच्या कथेवरून घेतला. शरण आलेल्या कबुतरास वाचवण्यासाठी त्याने ससाण्यास आपले मांस तोलून दिले, आणि पारडे खाली येईना तेव्हा स्वतःच पारड्यात बसला. पुढे तोच जीव शांतिनाथ तीर्थंकर झाला. त्याने जिवंत मांडी कापून दिली, आम्हांस तर राख होणारी वस्तू तेवढी द्यायची आहे. याला त्याग म्हणण्याचेही आम्हांस धैर्य होत नाही. व्यापार गुंडाळताना शिल्लक मालाची नीट व्यवस्था लावावी, इतकाच हा प्रकार.

भाबडेपणाही नको. हृदय, यकृत, मूत्रपिंड हे अवयव रुग्णालयात कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असता मेंदू मृत झाला, तरच बहुधा घेता येतात. आमच्यासारखा मधुमेही वृद्ध घरीच, आपल्या अंथरुणावर गेला, तर डोळ्यांवाचून फारसे काही उपयोगी पडणार नाही. हे जाणूनही आम्ही पूर्ण अर्ज भरला. कारण आमच्या नातवंडांनी तो भरलेला पाहावा. उदगीर-बीदरच्या रस्त्यावर दुचाकीवरून डोक्यास काही न घालता धावणारी तरुण पोरे पाहिली की काळीज थरथरते. कोणत्याही घरावर तो प्रसंग न येवो. आला, तर त्या घरात हा शब्द पूर्वी कधी तरी उच्चारलेला असावा. नट संचारी विजय 2021 च्या जूनमध्ये दुचाकीच्या अपघातानंतर मेंदूमृत झाले, तेव्हा त्यांच्या कुटुंबाने त्या दुःखातही होकार दिला. 2023 मध्ये देशभरात मृत दाते मिळाले 1,099. एकशे चाळीस कोटींत अकराशेही नाहीत! तरी आजवरच्या वर्षांत हजाराचा आकडा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षी प्रतीक्षायादीसाठीची पासष्ट वर्षांची मर्यादा आणि राज्याच्या रहिवासाची अट केंद्राने काढून टाकली. रेशनकार्ड कर्नाटकाचे आणि दवाखाना लातूर-सोलापूर-हैदराबादचा, अशा आपणा सीमावासीयांस ही दुसरी सवलत केवढी मोलाची आहे!

अर्ज भरणे सोपे आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संस्थेकडे आधारक्रमांकाच्या साह्याने नाव नोंदता येते. आपल्या राज्यात ‘जीवसार्थकते’ ही संस्था हे काम पाहते. कठीण आहे ते घर. नोंदणी असूनही ऐनवेळी जवळच्या नातलगांची संमती घेतली जाते, आणि ते नाही म्हणाले तर सर्व कागद व्यर्थ. त्यातून लेखी अर्जावर दोन साक्षीदार लागतात, आणि त्यांतील एक जवळचा आप्त असावा लागतो. आमच्या वडील चिरंजीवांनी सही करण्यास नकार दिला. ‘बाबा, तुम्ही सांगाल ते करीन, पण तुमच्या देहाला हात लावू देणार नाही,’ असे ते म्हणाले. त्यांच्या प्रेमाचा आम्ही अनादर करत नाही. पंधरा दिवस कागद देवघराच्या फडताळात पडून होता. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी तो काढला, सही केली, आणि दुसरा कोरा अर्ज स्वतःकरिता मागितला. चिरंजीवांनी अद्याप काही म्हटलेले नाही. मात्र धाकट्या सूनबाईंनी नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक गादीमागच्या भिंतीवर, हमाली-तोलाईच्या दरपत्रकाखाली, मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे, आणि तो अजून कोणी काढलेला नाही.