"मेन्टेनन्स किती आहे?"

मागच्या दिवाळीत मामाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी गॅरेजमध्ये होतो. माझ्यामागे उभी असलेली गाडी बघून मामा ओरडलाच, "अरे, ही तर शोलेतली!" साइडकारवाली मोटरसायकल दिसली की त्याच्या वयाचा प्रत्येक मराठी माणूस हेच म्हणतो. पुढचे प्रश्नही मला पाठ होते.

"ॲव्हरेज किती देते रे?"

"लिटरला तेरा-चौदा."

"बुलेट याच्या दुप्पट देते. आणि पळते किती?"

"नव्वद. त्याच्या वर तिला आवडत नाही."

"मेन्टेनन्स?"

"भरपूर."

मामा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "एवढं इंजिनिअरिंग करून, अमेरिकेत जाऊन, हे झंझट विकत घेतलंस?"

मामाला तेव्हा मी हसून टाळलं. पण हा प्रश्न एकट्या मामाचा नाही. फ्रिज घेताना, फ्लॅट घेताना, नोकरी निवडताना आपण सगळे हेच विचारतो: मेन्टेनन्स किती आहे? आणि उत्तर "काहीच नाही" असं आलं की आपल्याला ती वस्तू चांगली वाटते. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि तो विचारायची सवय आपल्याला महागात पडते आहे.

आधी गाडीबद्दल. माझी गाडी उरल. रशियातल्या इर्बित गावी बनलेली, 2010 च्या आसपासची, सेकंड हँड. 749 सीसीचं, हवेने थंड होणारं बॉक्सर इंजिन आहे, म्हणजे दोन सिलिंडर डावी-उजवीकडे बाहेर आलेले. चार गिअर आणि एक रिव्हर्स. चेनऐवजी शाफ्ट. वजन सव्वातीनशे किलोच्या पुढे आणि ते ओढायला चाळीसेक हॉर्सपॉवर. साइडकार उजव्या बाजूला, कारण रशियात आणि अमेरिकेत वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून चालते. मी राहतो ते रेडमंड हे सॉफ्टवेअरवाल्यांचं गाव. उरलचं अमेरिकेतलं ऑफिसही इथलंच, त्यामुळे ही गाडी इथे अधूनमधून दिसते. तशीच एक दिसली आणि माझं डोकं फिरलं.

या गाडीचं मूळ युद्धात आहे. सोव्हिएत लष्करासाठी जर्मन बीएमडब्ल्यू आर 71 वर बेतलेली एम-72 नावाची मोटरसायकल तयार झाली. 1941 मध्ये जर्मनीने हल्ला केल्यावर मॉस्कोतलं उत्पादन उचलून उरल पर्वताच्या पूर्वेला इर्बितमध्ये, एका जुन्या बिअरच्या कारखान्याच्या जागेत नेलं. 1942 मध्ये तिथून गाड्या आघाडीवर जायला लागल्या. आता आघाडीवर कुठलं आलंय सर्व्हिस सेंटर? गाडी चालवणाऱ्यालाच ती दुरुस्त करता यायला हवी होती. म्हणून एम-72 च्या चौकटीवर हवा भरायचा हातपंप लावलेला असे. म्हणून चाकं अशी केली की पुढचं, मागचं, साइडकारचं आणि स्टेपनी आपसात बदलता यावीत. माझ्या गाडीतही हे आहे. साइडकारचं वजन ढकलणारं मागचं टायर भराभर झिजतं, मग मी चाकांच्या जागा बदलतो. चिखलात किंवा बर्फात साइडकारचं चाकही इंजिनाला जोडता येतं. पण मध्ये डिफरेन्शियल नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते जोडलेलं राहिलं तर गाडी वळायला तयार होत नाही. कुठलाही दिवा लागत नाही, कुठलाही बझर वाजत नाही. चालवणाऱ्याला हे माहीत असणार, असं गाडी गृहीत धरते.

आता भरपूर मेन्टेनन्स म्हणजे नक्की काय, ते सांगतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं फायनल ड्राइव्ह, तिन्हीकडे वेगळं ऑइल. दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवून ठेवायचे. स्पोक तपासायचे. आणि टॅपेट सेटिंग.

टॅपेटचं काम रविवारी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर. सिलिंडर बाहेर आलेले असल्यामुळे छोट्या स्टुलावर बसून करता येतं. खाली ताटली ठेवून व्हॉल्व्ह कव्हर काढायचं, कारण थोडं ऑइल सांडतंच. मग मागचं चाक हाताने फिरवत पिस्टन वर आणायचा आणि त्या बाजूचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री करायची. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधल्या फटीत फीलर गेजची पातळ पट्टी घालायची. ती किंचित अडखळत सरकली पाहिजे. फट चुकली असेल तर नट सैल करून स्क्रू फिरवायचा आणि नट पुन्हा आवळायचा. आवळताना फट हमखास बदलते. मग पहिल्यापासून. असे चार व्हॉल्व्ह. पहिल्यांदा माझी अख्खी सकाळ गेली होती, आता तासाभरात होतं.

यातून मी जे शिकलो ते मला चार वर्षांच्या डिग्रीत कुणी सांगितलं नव्हतं. टॅपेटचा थोडा आवाज आला तर घाबरायचं नसतं, आवाज बंद झाला की घाबरायचं. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर आपटून आपटून हळूहळू आत जातो, फट कमी होते, आणि खटखट थांबते. कानाला वाटतं, वा, काय छान चालते आहे! प्रत्यक्षात व्हॉल्व्ह आता पूर्ण मिटत नसतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो बैठकीला टेकलेला असतानाच बाहेर जाते. टेकलाच नाही तर तो जळतो. म्हणजे गाडी सगळ्यात शांत असते तेव्हाच ती मरायला लागलेली असू शकते. "काही त्रास नाही" हा तब्येत चांगली असल्याचा पुरावा होत नाही.

डिग्री निघालीच आहे तर सांगतो. माझी डिग्री मेकॅनिकलची. कॉलेज महाराष्ट्रातलं, नाव महत्त्वाचं नाही, कारण कुठलंही नाव घातलं तरी गोष्ट हीच राहील. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाची एक पट्टी कानशीने घासून चौकोनी करायची होती. माझी पट्टी शेवटी वर्कशॉपच्या मामांनी घासून दिली. जर्नल सिनिअरच्या जर्नलवरून छापलं. ओरलला सरांनी विचारलं, मी पाठ केलेलं सांगितलं, दोघांचंही समाधान झालं. कॅम्पसमध्ये सॉफ्टवेअर कंपनी आली आणि मी मेकॅनिकल इंजिनिअर असण्याचा तिथेच शेवट झाला.

त्या डिग्रीची खरी परीक्षा या गॅरेजमध्ये झाली. पहिल्यांदा इंजिन ऑइल बदललं तेव्हा ड्रेन प्लग गळू नये म्हणून मी तो जीव खाऊन आवळला. स्टीलचा प्लग, ॲल्युमिनियमचं केसिंग. एक मऊसा झटका जाणवला आणि प्लग नुसताच फिरायला लागला. आटे गेले होते. बोल्टच्या आट्यांवर येणारा शिअर स्ट्रेस काढायचं गणित मी परीक्षेत बिनचूक सोडवलं होतं. हाताला मात्र त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. केसिंगमध्ये नवे आटे बसवायला दोन शनिवार गेले. त्यानंतर मी टॉर्क रेंच घेतला, आणि किती आवळायचं हे मनगटाला कळायला आणखी वर्ष लागलं.

हे आम्हाला कॉलेजात का येत नव्हतं? आम्ही आळशी होतो हे खरं, पण पुरेसं उत्तर नाही. लहानपणी अभ्यासाला बसलो नाही की घरी एक धमकी ठरलेली असायची: "शिकला नाहीस तर गॅरेजवर पाने पुसत बसशील." तुमच्याही घरी असणार. म्हणजे इंजिनिअर व्हायचं ते इंजिनाला हात लावावा लागू नये म्हणून. हात काळे करण्याचं काम कुणी करायचं आणि ते बघायचं कुणी, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून ठरत आलं. जातीचं नाव न घेता तीच उतरंड आपण वर्कशॉपमध्ये नेली. ज्या मामांनी माझी पट्टी घासून दिली त्यांना त्या कॉलेजात सगळ्यात जास्त येत होतं आणि त्यांचा पगार बहुधा सगळ्यात कमी होता. मला त्यांचं आडनावही माहीत नाही. याची लाज मला उशिरा वाटली.

आणि हे गॅरेजपुरतं नाही. पुण्यातल्या कुठल्याही आयटीवाल्या मित्राला विचारा, "सपोर्ट प्रोजेक्टवर टाकलं" हे वाक्य तो कोणत्या आवाजात उच्चारतो. शिक्षा झाल्यासारखं. नवीन काहीतरी बांधणारा हुशार, चालू असलेलं चालू ठेवणारा बिचारा. प्रमोशन नव्या फीचरला मिळतं. जुन्या सिस्टिमचा लॉग रोज वाचून, बिघाड होण्याआधीच तो टाळणाऱ्याला काय मिळतं? काही झालंच नाही, मग दाखवणार काय! मी स्वतः तीन वर्षं सपोर्टमधून सुटायची धडपड केली. सुटल्यावर पेढे वाटले. टॅपेट सेट करताना मला ते पेढे आठवतात.

आता उलट्या बाजूच्या लोकांना उत्तर देतो, कारण मामापेक्षा तेच मला जास्त त्रास देतात. उरलप्रेमींचा एक पंथ आहे. गाडी बंद पडणं म्हणजे तिचा स्वभाव, ऑइल गळणं म्हणजे तिची अदा, आणि जपानी गाड्यांना म्हणे आत्मा नसतो. हे भंपक आहे. दहा हजार किलोमीटर न कुरकुरता धावणारं इंजिन बनवणं हे फार अवघड आणि फार सुंदर काम आहे. ऑफिसला मी जपानी कारनेच जातो. उरलनेही 2014 पासून कार्ब्युरेटर सोडून फ्युएल इंजेक्शन घेतलं आणि ते चांगलंच केलं. मेन्टेनन्स कमी करणं हे इंजिनिअरिंगच आहे. माझं भांडण "मेन्टेनन्स-फ्री" या शब्दाशी आहे. तसं काही नसतं. जे उघडता येत नाही ते एक तर दुसरं कुणीतरी आपल्या नजरेआड सांभाळत असतं, किंवा बिघडलं की थेट कचऱ्यात जातं. बॅटरी चिकटवून बंद केलेला तुमच्या हातातला फोन यातलाच.

शिवाय माझं हे पाने पुसणं छंद आहे, हेही कबूल करायला हवं. पगार दुसरीकडून येतो. सोळाव्या वर्षी शाळा सोडून गॅरेजवर लागलेल्या मुलाला "श्रमाचं सौंदर्य" ऐकवण्याचा मला अधिकार नाही. त्याला माझ्या कौतुकापेक्षा चांगला पगार, हातमोजे आणि साप्ताहिक सुट्टी हवी आहे.

राहिला सगळ्यात अवघड प्रश्न. फेब्रुवारी 2022 नंतर पेट्रोल पंपावर अनोळखी लोक थांबून विचारतात, "रशियन गाडी चालवताना काही वाटत नाही?" वाटतं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर त्याच वर्षी कंपनीने गाड्यांची जुळणी कझाकस्तानातल्या पेत्रोपाव्ल शहरात हलवली. पण माझी गाडी इर्बितचीच आहे आणि ते मी लपवत नाही. नवी उरल आज मी घेणार नाही. टायर, केबल, ऑइल असलं झिजणारं सामान इतर देशांतलं मिळतं, ते वापरतो. तरी एखादा भाग असा निघतो की त्याचा पैसा शेवटी कुठे पोचला हे मला सांगता येत नाही. गाडी भंगारात टाकून 2010 साली दिलेले पैसे परत येणार नाहीत, एवढाच माझा बचाव आहे आणि तो अर्धा आहे हे मला कळतं. मात्र गाडीला लष्करी हिरवा रंग देऊन, लाल तारा चिकटवून मिरवणाऱ्यांचा मला आता राग येतो. त्याच एम-72 पासून कीव्हच्या कारखान्यातही गाड्या बनल्या. नंतर त्यांना द्नेपर नाव मिळालं. जुन्या उरल आणि द्नेपरचे बरेच भाग एकमेकींना बसतात. ज्यांनी आयुष्यभर या गाड्यांचे टॅपेट सेट केले असे लोक आज सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. गाडीकडे बघून मिरवावंसं वाटलं की मी हे आठवतो.

तेव्हा मामा, उत्तर असं. मेन्टेनन्स किती आहे हे विचारू नकोस. तीन प्रश्न विचार. ही वस्तू उघडता येते का? ती सांभाळणार कोण? आणि सांभाळणाऱ्याला आपण किती पैसे आणि किती मान देणार? गाडीला लाव, सोसायटीच्या लिफ्टला लाव, गावच्या पाण्याच्या टाकीला लाव, माझ्या कंपनीच्या सर्व्हरला लाव. पहिल्याचं उत्तर "नाही" आलं आणि दुसऱ्याचं "बघू कुणीतरी" आलं, तर तिथे आत्ता ऐकू येणारी शांतता फार दिवसांची नाही.

आणि हो, ॲव्हरेज तेरा-चौदाच आहे. त्यात काही बदल होणार नाही.